राखाजीचा ठोका

त्या परसात भुकेने कोणी मरत नसे.

घराच्या मागच्या दारापासून दगडी गडग्यापर्यंत जेवढी जमीन होती, तेवढेच जग होते. पत्र्याच्या छपराखाली सशांचे पिंजरे एका ओळीत मांडलेले होते. समोर कोंबड्यांचे खुराडे होते. कोपऱ्यात जमिनीत अर्धे पुरलेले एक पिंप होते आणि त्यातल्या पाण्यात बदके दिवसभर बसून असत. पाणी जास्त झाले की गडग्याच्या तळाशी असलेल्या मोरीतून ते बाहेर जाई. बाहेर काय आहे याची चौकशी सहसा कोणी करत नसे.

सकाळी मागचे दार उघडे आणि हात येई. त्या हाताच्या वर कोणी आहे काय, असल्यास ते कसे आहे, याविषयी परसात निरनिराळी मते होती. पिंजऱ्याच्या चौकटीतून मात्र हातच तेवढा दिसे. हात लसूणघास आणी, मेथीचे देठ आणी, थंडीच्या दिवसांत भिजवलेले हरभरे आणी. कोणाची नखे वाढली तर कापी. कोणाच्या कानात खरूज झाली तर तेल सोडी. उन्हाळ्यात पत्र्यावर ओले गोणपाट टाकायला तो कधी विसरला नाही. परसातली कोणतीही तक्रार हातापर्यंत पोचवावी लागत नसे, कारण तक्रार तयार होण्याआधीच हात तिच्यावर काहीतरी करून गेलेला असे.

आणि अधूनमधून हात कोणाला तरी उचलून नेई. मागचे दार लागे. गेलेला परत येत नसे. याला परसात ‘घरात घेतले’ असे म्हणत. म्हणताना आवाज किंचित खाली येई, एवढेच.

घरात जाऊन परत आलेला असा एकच जीव परसात होता. तो म्हणजे राखाजी. रंगाने राखेसारखा, कानांच्या कडा झिजलेल्या, डोळ्यांत कायम पाणी. सगळे ससे त्याला आबा म्हणत. त्याच्या जन्माच्या वेळी त्याची आई गेली, म्हणून हाताने त्याला घरात एका खोक्यात, खाटेखाली वाढवले होते. खोक्यात ऊब राहावी म्हणून फाटकी पुस्तके आणि रद्दी घातलेली होती. राखाजीने ती सगळी कुरतडली. त्यातली काही कुरतडण्याआधी वाचली. पुढे त्याला बाहेर पिंजऱ्यात आणले तेव्हा परसात शिकलेला असा तोच एकटा होता, आणि त्यामुळे अगदी तरुण वयातच त्याला लोक विचारू लागले: पाऊस कधी थांबेल, बदकांच्या पायांना पडदे का असतात, हात कशाचा आहे. तो उत्तरे देई. उत्तर देऊन झाल्यावर मात्र तो बराच वेळ अस्वस्थ बसून राही. आपण वाचले त्यापेक्षा खाल्लेच जास्त, अशी शंका त्याच्या मनातून कधी गेली नाही.

सशांना आवाज नसतो. ते बोलतात ते श्वासाने, जाळीला नाक लावून, आणि ते शेजारच्या पिंजऱ्यापलीकडे जात नाही. पण पूर्वजांकडून त्यांना एक गोष्ट मिळालेली होती. संकट दिसले की मागचा पाय उचलून फळीवर जोराने आपटायचा. त्याला ते ठोका म्हणत. ठोका ऐकला की ज्याने त्याने असेल तिथे गोठून जायचे किंवा पळायला वाट असेल तर पळायचे. का, हे विचारायचे नाही. ठोका हे सशांजवळचे एकमेव मोठ्याने बोलणे होते, आणि तो कोणीही देऊ शके. काल डोळे उघडलेले पिल्लूदेखील.

एका वाऱ्याच्या दिवशी राखाजीने ठोका दिला. त्याला वर काहीतरी प्रचंड, पंख पसरलेले दिसले होते. ती दोरीवरून उडालेली साडी होती. पण ठोका ऐकून शेजारच्या पिंजऱ्यातली त्याची लेक घाबरली. ती नुकतीच व्यालेली होती. पिल्लांच्या पेटीत ती उलटसुलट उड्या मारत राहिली, आणि साडी खाली येऊन तुळशीच्या कुंडीवर पडली तेव्हा पेटीतल्या पिल्लांपैकी एकच हलत होते. लेक त्यानंतर फार दिवस जगली नाही. उरलेले पिल्लू पांढरे होते, शेवरीच्या कापसासारखे. त्याचे नाव शेवरी पडले.

राखाजीला कोणी काही बोलले नाही. उलट पलीकडची सुगडाबाई, जी ओळीतली सर्वांत लेकुरवाळी ससी होती, ती त्याला म्हणाली, ‘आबा, तुमची तरी काय चूक? दिसलं ते दिसलं.’ पण त्या दिवसापासून राखाजीचा आपल्या पायावरचा विश्वास उडाला. त्याने बराच विचार केला आणि मग सर्वांपुढे एक सूचना मांडली. जाळीला नाक लावून ती एकापासून दुसऱ्याकडे अशी ओळीच्या शेवटापर्यंत गेली. सूचना अशी होती की ठोका ही फार जबाबदारीची गोष्ट आहे. ज्याला भीती वाटेल त्याने पाय न आपटता आधी कळवावे. नीट पाहून, पडताळून, खात्री पटली तरच ठोका दिला जावा.

सर्वांना हे पटले. ‘पडताळायचं कोणी?’ असे कोणीतरी विचारले, आणि उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होते.

‘मी?’ राखाजी म्हणाला. ‘माझ्याच हातून तर...’

‘म्हणूनच तुम्ही,’ सुगडाबाई म्हणाली. ‘तुम्ही आता उगाच पाय उचलणार नाही.’

तसेच झाले. घारीची सावली पडे, मांजर गडग्यावरून चाले, मुंगूस मोरीत डोकावून जाई. बातमी राखाजीकडे येई, राखाजी तिच्यावर विचार करी, आणि विचार होईपर्यंत सावली सरकलेली असे. एकदाही ठोका द्यावा लागला नाही. परसात अशी शांतता पूर्वी कधी नव्हती. पिल्ले धष्टपुष्ट निघू लागली. नवी पिढी आली, जिने ठोका ऐकलाच नव्हता. ती त्याला आदराने ‘आबांचा ठोका’ म्हणे.

मग हाताने पिंजऱ्यांच्या फळ्या काढल्या. फळ्या मुताने कुजल्या होत्या, त्यांना वास मारत होता. त्यांच्या जागी बारीक तारेची जाळी आली. लेंड्या जाळीतून खाली पडू लागल्या, कोंबड्या त्या विस्कटू लागल्या, छपराखालची हवा स्वच्छ झाली. राखाजीच्या डोळ्यांतले पाणी कमी झाले. ‘ही सुधारणा आहे,’ तो म्हणाला, आणि या वाक्याविषयी त्याला फारशी शंका वाटली नाही.

शेवरी त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात वाढली. आई नव्हती, म्हणून राखाजी तिच्याशी बोलत राही. मधल्या जाळीला नाक लावून त्याने तिला वाचलेले सगळे सांगितले, आणि खाल्लेल्यापैकी जे आठवले तेही. ती ऐके आणि मध्येच म्हणे, ‘आबा, पण हे तुम्हाला नक्की माहीत आहे का?’ आणि मग स्वतःच हसे. राखाजीला तिच्या हसण्याचे वाईट वाटत नसे. परसात तो ज्या एका जिवाकडे निर्धास्तपणे पाहू शके, तो जीव तिचा होता.

ती मोठी झाली. ओळीच्या टोकाच्या काजळ्या नावाच्या नराकडे हाताने तिला नेले आणि परत आणले. महिना गेला. हाताने पिल्लांसाठी पेटी ठेवली, तीत भुसा घातला. शेवरीने छातीचे केस उपटले नाहीत, अंथरूण केले नाही. पेटी रिकामीच उचलली गेली. पुन्हा काजळ्याकडे नेले. पुन्हा पेटी आली. पुन्हा रिकामी गेली.

दोनदा कूस रिकामी राहिली की घरात घेतात, हे परसात सर्वांना माहीत होते.

‘सुटलीस बाई,’ सुगडाबाई राखाजीच्या पिंजऱ्याआडून तिला म्हणाली. निरोप राखाजीलाच पोचवावा लागला. ‘इथं पिल्लं काढून काढून माझी कंबर गेली. आत म्हणे उन्हाळ्यात पंखा असतो. खरं ना आबा?’

‘पंखा होता,’ राखाजी म्हणाला.

‘बघ.’

संध्याकाळी गवत खाऊन झाल्यावर शेवरी जाळीजवळ आली.

‘आबा, आत काय असतं?’

हा प्रश्न तिने आजवर कधी विचारला नव्हता. कोणीच विचारला नव्हता, म्हणजे असा विचारला नव्हता. राखाजीने तोंड धुतल्यासारखे केले.

‘मी फार लहान होतो,’ तो म्हणाला. ‘विचार करून सांगतो.’

‘करा. पण फार करू नका.’

त्याने विचार केला. त्याला आठवत होते ते एवढेच, की खोक्याच्या कडेवरून एकदा त्याला हात जाताना दिसला होता आणि हातात एक तांबूस ससा होता, कातडीला धरलेला. आतल्या खोलीतून पाण्याचा आवाज आला. मग काहीतरी लाकडावर आपटल्यासारखे झाले. नंतर घरभर खमंग वास सुटला, आणि त्या वासाने राखाजीला, त्या एवढ्याशा पिल्लाला, भूक लागली होती. तांबूस ससा पुन्हा दिसला नाही. पण तो दुसऱ्या दाराने बाहेर गेला असेल. पाणी भांडी घासण्याचे असेल. आवाज पाटावरून काही पडल्याचा असेल. या एका आठवणीवर राखाजीने आयुष्यभर इतक्या बाजूंनी विचार केला होता, की आता मूळ आठवण कोणती आणि त्याने तिच्यावर केलेला विचार कोणता हे त्याला वेगळे करता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी पिंजऱ्यांखाली लेंड्या उकरायला आली. कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडत, त्यामुळे त्यांना बरेच दिसे. आणि त्या बडबड फार करत, त्यामुळे त्यांचे कोणी ऐकत नसे.

‘काय शास्त्रीबुवा,’ कवडी खालून म्हणाली, ‘नातीला निरोपाचं भाषण तयार झालं का?’

‘तू दारापर्यंत जातेस,’ राखाजी म्हणाला. ‘तुला काय दिसलं ते सांग. फक्त दिसलं तेवढंच.’

‘माझ्या बहिणीला सकाळी घरात घेतलं. दुपारी दाराशी टोपलीत पिसं होती.’

‘पिसं गळतात.’

‘सगळी? एकदम?’

‘तिचीच होती हे कशावरून?’

कवडीने मान वाकडी करून एका डोळ्याने वर पाहिले. ‘माझ्या सख्ख्या बहिणीची पिसं मला कळत नाहीत होय? रात्रंदिवस तिच्या अंगाला अंग लावून बसले मी.’

‘दुःखात ओळखण्यात चूक होते. मी म्हणत नाही की झाली. होऊ शकते, एवढंच.’

‘मग तुम्ही सांगा की. तुम्ही तर आत राहून आलात. आम्ही अडाणी.’

कवडीने दोन-चार वेळा माती उकरली.

‘दुःख कसलं आलंय,’ ती म्हणाली. ‘टोपली पाहिली आणि तेवढ्यात दाणे टाकले. गेले मी दाण्याकडे. ती मोरी आहे ना, तिच्यातून ससा जाईल. बदकं बसलेली असतात म्हणून दिसत नाही. पलीकडं ओढा आहे, घाणेरीचं रान आहे. मुंगूस आहे, कुत्री आहेत. तिला सांगायचं तर सांगा.’

राखाजीने शेवरीला सांगितले. मोरीविषयी, रानाविषयी, मुंगसाविषयी, कुत्र्यांविषयी. टोपलीतल्या पिसांविषयी आणि त्या पुराव्यातल्या उणिवांविषयी. शेवटी, खूप चाचरत, तांबूस सशाविषयीही. शेवरी ऐकत राहिली. या वेळी तिने मध्ये काही विचारले नाही.

‘म्हणजे पळू?’ ती म्हणाली.

‘बाहेर तू किती जगशील सांगता येत नाही. कदाचित दुपारपर्यंत. आणि हात कधी कधी नुसती नखं कापायला उचलतो, पुन्हा ठेवतो. तेव्हा तू लाथ मारून पळालीस आणि मुंगसाने तुला धरलं, तर उगाच...’

‘साडीसारखं.’

‘हो.’

थोडा वेळ दोघेही गवताची एकच काडी दोन बाजूंनी चघळत राहिले. मग राखाजीला एक उपाय सुचला. त्याला हायसे वाटले, कारण उपाय बारकाईचा होता.

‘नखं कापायची असतात तेव्हा हात दुसरा तळवा खाली लावतो,’ तो म्हणाला. ‘आधार देतो. घरात नेताना लावत नाही, नुसतं मानेच्या कातडीला धरतो. हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. याबद्दल मला खात्री आहे. तुझं तोंड वर असेल, तुला ते कळणार नाही. मला इथून दिसेल. मी बघेन, आणि तळवा नसला तर ठोका देईन.’

‘आबांचा ठोका,’ शेवरी म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली.

‘ठोका ऐकलास की मागच्या पायांनी मनगटावर लाथ. नखं रोखून. हात सोडेल. पडलीस की सरळ मोरी.’

‘आणि ठोका नाही आला तर?’

‘तर नखं कापणार आहेत, असं समज. हलू नकोस. तडफडलीस तर पाठीचा कणा मोडतो.’

‘बरं,’ शेवरी म्हणाली. ‘तुम्ही सांगाल तसं.’

त्यानंतरचे दिवस नेहमीसारखेच गेले. शेवरी पिंजऱ्यात मागच्या पायांवर उभी राहून पाय ताणी, लाथ मारून पाही. सुगडाबाईने विचारले, ‘काय चाललंय पोरीचं?’ राखाजीने सांगितले की व्यायाम. सुगडाबाईला त्यात काही वावगे वाटले नाही. घरात जायचे म्हणजे अंग चपळ हवेच.

मग एका सकाळी हात आला. आधी त्याने कोंबड्यांना दाणे टाकले. कोंबड्या एकमेकींच्या पाठीवर चढून कलकलाट करू लागल्या. हात शेवरीच्या पिंजऱ्याशी आला, कडी काढली, दार कोपराने अडवून धरले आणि आत गेला.

राखाजी पुढच्या जाळीला लागून बसला होता. त्याने सगळे पाहिले. हाताने मानेमागची कातडी धरली. शेवरी वर उचलली गेली, पिंजऱ्याबाहेर आली. दुसरा हात बाजूला लोंबत होता. त्याचा तळवा मोकळा होता. तो खाली आला नाही.

राखाजीने आणखी एक क्षण वाट पाहिली, आणि तळवा तरीही आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही दिसले आणि त्या दिसण्याच्या बाजूला दुसरे काही उभे राहिले नाही. ना साडी, ना गळालेली पिसे, ना दुसरे दार. त्याने मागचा उजवा पाय उचलला आणि होते नव्हते तेवढे बळ लावून आपटला.

जाळी खाली दबली आणि वर आली. आवाज झाला नाही.

तारांतून एक लेंडी खाली पडली.

त्याने पुन्हा आपटला. जाळी लवली, थरथरली, थांबली. त्याने डावा आपटला, मग दोन्ही. या जाळीवर आजवर कोणी पाय आपटलेलाच नव्हता. तारा त्याच्या तळव्यात रुतत होत्या, आणि पिंजरा नुसता झुलत होता, झोक्यासारखा, मुकाट.

‘पळ,’ तो म्हणाला. ‘शेवरी, पळ.’ पण ते सशाचे बोलणे होते. त्याच्या नाकासमोरच्या जाळीवर थोडी वाफ धरली आणि गेली. पलीकडे कोंबड्या दाण्यांवर ओरडत होत्या. कवडी त्यांच्यात सर्वांत पुढे होती.

शेवरीने मागचे पाय पोटाशी घेतलेले होते. नखे रोखलेली होती. तिचे दोन्ही कान त्याच्या पिंजऱ्याकडे वळलेले होते. ती वाट पाहत होती. हात तिला घेऊन छपराबाहेर निघाला, पिंपावरून पुढे गेला, मोरीवरून पुढे गेला. तेव्हा तिने हळूहळू पाय सैल सोडले, कान पाठीला टेकवले, आणि तडफडू नये म्हणून अंग अगदी मऊ केले. जाता जाता तिने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात भीती नव्हती.

मागचे दार लागले.

‘आबा,’ सुगडाबाईने मधल्या जाळीतून विचारले, ‘पायाला मुंग्या आल्या का हो? केवढं झुलवलंत.’

‘मी ठोका दिला,’ राखाजी म्हणाला.

‘कधी?’

‘आत्ता. शेवरीला नेलं तेव्हा.’

सुगडाबाईने त्याच्याकडे काळजीने पाहिले. ‘आबा, मी इथंच आहे. एवढ्या जवळ. तुम्ही ठोका दिला असता तर मला ऐकू आला नसता का?’

‘जाळी...’ राखाजी म्हणाला. ‘फळी नाही आता. जाळीवर वाजत नाही.’

‘असं कसं? ठोका तो ठोका.’ ती जाळीला आणखी लागून बसली. ‘तुम्ही दमलात. नात गेली, जीव कासावीस होणारच. पण मी तर म्हणते, तुम्ही इतकं पाहिलंत आणि ठोका दिला नाहीत, म्हणजे सगळं नीटच असणार. आमचाही जीव भांड्यात पडला.’

तिने ते पलीकडच्या पिंजऱ्याला सांगितले. पलीकडच्याने त्याच्या पलीकडच्याला. ओळीच्या टोकापर्यंत बातमी गेली: शेवरीला घरात घेतले, आबांनी स्वतः पाहिले, आबांनी ठोका दिला नाही.

राखाजीने आपला पाय पाहिला. तळव्याचे केस गेले होते आणि कातडी फाटून रक्त आले होते. हे ठोका दिल्याचेच चिन्ह होते. तथापि जाळीने पाय नुसतेही फाटतात. ओळीतल्या इतर म्हाताऱ्या सशांचे फाटलेले त्याने पाहिले होते. दुपारपर्यंत तो त्या रक्ताकडे पाहत बसला. संध्याकाळी गवत आले तेव्हा, आपण पाय उचलला होता हे त्याला नक्की सांगता आले असते. तो आपटला होता की नाही, याविषयी तो आता तितक्या ठामपणे बोलला नसता.

गवत ताजे होते. त्याने खाल्ले.

दिवस जात राहिले. शेवरीच्या पिंजऱ्यात एक तरुण ससी आली. ती त्याला आबा म्हणे आणि सारखे काहीबाही विचारी. राखाजी तिच्याशी थोडे बोले. पायाची जखम भरत नव्हती. तो चारही पाय एकदम जाळीवर टेकवू शकत नसे. कधी एक उचलून धरी, कधी दुसरा, आणि रात्रंदिवस असा डुलत राही. हाताच्या हे लक्षात आले. हाताने त्याचा पाय उलटा करून पाहिला, हळद आणि तेल लावले. तेवढ्याने भागले नाही. मग एका सकाळी हाताने त्याच्या पिंजऱ्यात काहीतरी आणून अंथरले आणि वरून थोपटून सपाट केले.

ते पांढरे होते. मध्ये रुंद, एका टोकाला निमुळते, आणि चार ठिकाणी कडेने जरा जरा पुढे आलेले. एका बाजूला कोरडे आणि गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला केसाळ. केसाळ बाजू वर होती.

‘अगंबाई!’ सुगडाबाई जाळीला चिकटली. ‘आबांना गादी! किती मऊ दिसते हो.’ तिने निरखून पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले. ‘शेवरीनंच पाठवली असणार. पाहिलंत? आत गेली पण तुमचा पाय विसरली नाही पोरगी.’

बातमी ओळीतून गेली. शेवरीने आतून आबांना गादी पाठवली. सगळे ससे आपापल्या पिंजऱ्याच्या पुढच्या जाळीशी आले आणि माना वाकड्या करून बघू लागले. तरुण ससीने विचारले, ‘आबा, मला कधी नेतील हो?’

राखाजी एका कोपऱ्यात, उघड्या तारांवर उभा होता. त्याने मान लांब करून त्या वस्तूला नाक लावले. तुरटीचा वास आला. मिठाचा आला. त्याने नाक केसांत खुपसले आणि आणखी खोल श्वास घेतला. तुरटीच्या खाली दुसरा एक वास होता. किंवा असावा. तो कोणाचा, हे त्याला निश्चितपणे सांगता येईना.

‘बसा की आबा,’ सुगडाबाई म्हणाली. ‘एवढ्या प्रेमानं दिलंय.’

पाय फार दुखत होता. त्याने तो पाय त्यावर ठेवून पाहिला. मग दुसरा ठेवला. दुखणे थांबले. तो पुढे सरकला आणि मधोमध, जिथे सर्वांत जाड होते तिथे, पाय अंगाखाली घेऊन बसला. त्याच्या वजनाने पांढरे केस दबले, आणि त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू पुन्हा उभे राहिले.